पंक्चर काढायचं की टायर बदलायचा?

गाडी चालवताना ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा. आजचा विषय टायरचा आहे, आणि टायर पंक्चर झाला की पहिली खबर आवाजानेच लागते.

गेल्या काही आठवड्यांत मेसेजमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. मंचरहून एका मित्राने लिहिलंय, "पंक्चरवाला म्हणतो टायर गेला, बदला. घरी आप्पा म्हणतात, अजून दोन वर्षं आरामात चालतोय. मी कुणाचं ऐकू?" ओतूरच्या एका ताईंचा प्रश्न उलटा आहे. त्यांना पंक्चरवाल्याने दीडशे रुपयांत काम करून दिलं, गाडी चालतेय, पण पंक्चर टायरच्या पार कडेला होतं. त्यांना रात्री झोप नाही. ताई, तुमच्या प्रश्नाकडे मी शेवटी येतो. पण आत्ता गाडी बाहेर काढणार असाल तर थांबा, आधी हा भाग ऐका.

माझ्याबद्दल एवढंच, की मी सॉफ्टवेअरवाला आहे. बीटेक केलं ते कॉम्प्युटरमध्ये, रबरामध्ये नाही. पण सोमवार ते शुक्रवार पुणे आणि शनिवार-रविवार गाव, हा पुणे-नाशिक रस्ता मी इतक्या वेळा केलाय की चाकण ते आळेफाटा कुठला पंक्चरवाला कुठे बसतो हे झोपेत सांगेन. आज सांगतोय ते टायर कंपन्या आणि त्यांच्या संघटना लेखी सांगतात ते, आणि थोडं या दुकानांसमोर उभं राहून, चहा पीत, प्रश्न विचारून कळलेलं.

आधी आपल्याकडे पंक्चर होतं कशाने ते बघू. शहरात स्क्रू, खिळे, बांधकामाचा पत्रा. आपल्याकडे बाभळीचा काटा आहेच. टोमॅटोचा हंगाम संपला की शेतातली तार-काठी निघते, आणि तारेचे बोट-बोटभर तुकडे बांधावरून रस्त्यावर येतात. ऊस सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्याला बैलगाड्या लागतात, आणि बैलांच्या पत्रीचे खिळे डांबरावर पडतात. हे खिळे छोटे असतात, पण टायरमध्ये सरळ घुसतात. आणि एक ऐका, यातली बरीचशी पंक्चरं दुरुस्त होण्यासारखी असतात. बारीक, सरळ आणि मधोमध. खरा घात करतात ते खड्डे आणि रस्त्याची तुटलेली धार.

आता निर्णय कसा घ्यायचा? मी तीन गोष्टी बघतो. भोक कुठे आहे, केवढं आहे, आणि हवा गेल्यावर गाडी किती चालली. पहिल्या दोन बहुतेकांना माहीत असतात. तिसरी कुणी विचारतच नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची.

भोक कुठे आहे ते आधी. टायर समोरून बघा. रस्त्याला टेकणारा जाड पट्टा, ज्यावर नक्षी असते, त्याच्या आत आजकालच्या रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचे पट्टे असतात. हा भाग जाड, घट्ट आणि फारसा न वाकणारा. इथे खिळा घुसला तर भोक बुजवता येतं, कारण बुजवलेलं रबर तिथे शांत बसून राहतं. मग येतो खांदा, म्हणजे नक्षी संपून टायर बाजूला वळतो तो भाग. आणि मग बाजू, साइडवॉल, जिच्यावर कंपनीचं नाव आणि आकडे लिहिलेले असतात. बाजूत पोलादी पट्टे नसतात. साधारणपणे पॉलिस्टरसारख्या धाग्यांचे थर असतात आणि वर पातळ रबर. तिचं कामच वाकायचं आहे.

किती वाकते? थोडं गणित करू, मला राहवत नाही. १६५/८० आर १४ हा छोट्या गाड्यांचा नेहमीचा साइज घ्या. त्याचा घेर येतो जवळपास १.९५ मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक साधारण ५१० वेळा फिरतं. नारायणगाव ते पुणे ७५ किलोमीटर धरा, तर अडतीस हजारांच्या वर फेरे. प्रत्येक फेऱ्यात बाजूचा प्रत्येक भाग एकदा दबतो, एकदा सुटतो. तिथे तुम्ही पॅच चिकटवला तर एका फेरीत तो अडतीस हजार वेळा सोलला जाणार. वर धागे आधीच तुटलेले. म्हणून बाजूला आणि खांद्याला भोक पडलं की कारच्या टायरची दुरुस्ती नाही. कितीही बारीक असू दे. "दादा, बघा की, होईल काहीतरी" असं म्हणायचंच नाही, कारण तुम्ही म्हणालात तर तो बिचारा काहीतरी करून देतो.

मग मधला भाग म्हणजे नेमका किती? ब्रिटनमधल्या मानकात छोट्या दुरुस्तीसाठी नक्षीच्या रुंदीचा मधला तीन-चतुर्थांश भाग धरलाय. म्हणजे दोन्ही कडांना आठवा-आठवा हिस्सा सोडून द्या. व्यवहारात सांगायचं तर दोन्ही कडांपासून अंगठाभर जागा सोडा. खिळा त्या अंगठ्याखाली आला तर नको. आणि भोक केवढं? जास्तीत जास्त ६ मिलिमीटर. साध्या पेन्सिलीची जाडी साधारण ७ असते, म्हणजे पेन्सिल आत जाईल एवढं भोक असेल तर विषय संपला. टोमॅटोची तार, पत्रीचा खिळा, काटा, हे सगळं या मापात बसतं. नांगराच्या फाळाचा तुकडा किंवा तुटलेला पत्रा बसत नाही, आणि तो सरळ भोकही पाडत नाही, चीर पाडतो. चीर म्हणजे आतल्या पोलादी तारा कापल्या गेल्या.

इथे एक छोटी सूचना. टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा अजून आहे, तर तो उपटू नका. आपल्या हाताला खाज असते, लगेच पक्कड घेऊन बसतो. ट्यूबलेस टायरमध्ये खिळाच बूच म्हणून बसलेला असतो. हवा बघा, कमी असेल तर भरा, आणि हळू चालवत दुकानापर्यंत जा. खिळा तिथेच निघू दे. कुठल्या कोनात घुसला होता तेही पंक्चरवाल्याला त्यावरून कळतं.

आता तिसरी गोष्ट. हवा गेलेल्या टायरवर गाडी चालली का?

असं समजा, हवा हळूहळू गेली. तुम्हाला कळलंच नाही. गाडी एका बाजूला ओढत होती, तुम्हाला वाटलं रस्ताच तसा आहे. आपल्या रस्त्यांवर हे वाटणं साहजिकच आहे. असे तुम्ही चार-पाच किलोमीटर आलात. आता गाडीचं वजन हवेवर नाही, टायरच्या बाजूंवर आहे. बाजू दुमडून आतल्या आत घासते, तापते, धागे सैल होतात. बाहेरून बघाल तर टायर एकदम चांगला. खिळा मधोमध, भोक तीन मिलिमीटरचं, सगळं नियमात. पंक्चरवाला बाहेरूनच स्ट्रिप मारतो, हवा भरतो, शंभर-दीडशे रुपये, चला. आणि तो टायर आठवड्याने हायवेवर नव्वदच्या वेगात बाजूने फुटतो.

हे ओळखायचं कसं? टायर डिस्कवरून उतरवून आत बघायचं. आत बारीक काळी पावडर किंवा रबराचे दाणे पडलेले असतील, बाजूला आतून गोल पट्टा उमटला असेल, तिथलं रबर सोललेलं किंवा खरखरीत लागत असेल, तर टायर बाद. पंक्चर कुठेही असो. म्हणून माझं पहिलं म्हणणं हेच असतं, की "दादा, टायर उतरवा, आतून बघू." काही जण कंटाळतात, म्हणतात ट्यूबलेस आहे, उतरवायची काय गरज. शंभर रुपये जास्त द्या, पण उतरवायला लावा.

आता याच्याच उलटी बाजू सांगतो, आणि ही आपल्या भागापुरती आहे. यूट्यूबवर दिल्लीचा किंवा अमेरिकेचा माणूस तुम्हाला हे सांगणार नाही.

सगळीकडे सल्ला एकच: पंक्चर झालं की लगेच थांबा, चाक बदला, पुढे चालवू नका. टायरच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर. पण रात्रीचे दहा वाजलेत, तुम्ही हायवे सोडून आत वळलाय, पिंपळवंडीकडे, येडगावकडे, किंवा तिकडे रांजणी, नागापूर, पारगावच्या बाजूला. दोन्हीकडे पुरुषभर उंचीचा ऊस. लाइट नाही. तिथे तुम्ही थांबून चाकाजवळ उकिडवे बसून नट सोडणार? जुन्नर-आंबेगावच्या माणसाला पुढचं वाक्य सांगायची गरज नाही. बिबट्या आपल्याकडे उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उगाच उभं राहिलेलं नाही. आणि वनखात्याची माणसं गावागावात वर्षानुवर्षं सांगतात, की अंधारात, उसाच्या कडेला, एकट्याने वाकून किंवा बसून राहू नका. उभा माणूस त्याला माणूस दिसतो. बसलेला माणूस त्याला आपल्या शिकारीच्या उंचीचा दिसतो. चाक बदलायचं काम हे पहिल्यापासून शेवटपर्यंत बसूनच करायचं काम आहे, पाठ शेताकडे, लक्ष नटाकडे.

तर तिथे माझा निर्णय साधा आहे. टायर जाऊ दे. चारही इंडिकेटर लावा, काचा बंद, चालण्याच्या वेगाने, स्टेअरिंग घट्ट धरून, पुढची वस्ती, दूध डेअरी, पेट्रोल पंप, देवळाचा आवार, जिथे उजेड आणि माणसं आहेत तिथपर्यंत गाडी न्या. टायर खराब होईल, बहुतेक बदलावाच लागेल. डिस्कही वाकू शकते. लोखंडी डिस्क सरळ करून मिळते, अलॉय असेल तर जास्त महाग पडेल. छोट्या गाडीचा टायर चार-पाच हजारांचा. तो खर्च आधीच मनात सोडून द्या, म्हणजे थांबायचा मोह होत नाही. थांबावंच लागलं तर एकट्याने काम करू नका. एक जण बसेल तेव्हा दुसरा उभा राहील, टॉर्च उसाकडे, मोबाइलवर मोठ्याने गाणं. आणि बिबट्या दिसला किंवा तसा संशय आला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, नाहीतर ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल, म्हणजे पुणे-नाशिक किंवा आळेफाट्यावरून जाणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता, तर १०३३. फोनमध्ये तिन्ही सेव्ह करून ठेवा. आत्ताच करा, मी थांबतो.

केलं? बरं.

हायवेवर दिवसासुद्धा थोडं असंच आहे. नारायणगाव बायपासवर ट्रकच्या बाजूला बसून नट सोडण्यापेक्षा दोनशे-तीनशे मीटर हळू पुढे नेऊन सर्व्हिस रोडला उतरलेलं बरं. आणि गाडी जॅकवर चढवायच्या आधी नट अर्धा-एक फेरा सैल करून घ्या. चाक हवेत असताना जोर लावला तर चाक फिरतं आणि जॅक घसरतो. मातीत जॅक रुततो, म्हणून डिकीत एक लाकडी फळी ठेवा. मागच्या चाकाला दगड लावायचा हे काही मी सांगायला नको, बैलगाडी बघितलेल्या माणसाला ते येतंच.

आता समजा टायर दुरुस्त होण्यासारखा आहे. कशी करायची? इथे दोन प्रकार. पहिला स्ट्रिप. चिकट, तपकिरी, जाड दोरीसारखा तुकडा सुईत ओवून बाहेरून भोकात ढकलतात, उरलेला कापतात. टायर उतरवावा लागत नाही, दहा मिनिटांत काम. दुसरा मशरूम पॅच. टायर उतरवतात, आतून ती जागा घासून साफ करतात, सोल्यूशन लावतात आणि छत्रीसारखा तुकडा आतून बसवतात. दांडी भोकातून बाहेर येते, छत्री आतून चिकटते. याला तीनशे ते पाचशे घेतात, गावाप्रमाणे.

आमच्या भाषेत स्ट्रिप म्हणजे हॉटफिक्स. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला, काहीतरी करून उभा केला. चुकीचं काही नाही, त्या वेळी तेच करायचं असतं. पण सोमवारी ऑफिसला जाऊन नीट काम करावं लागतं, आणि तेच कुणी करत नाही. टायर कंपन्यांच्या संघटनांचा नियम स्पष्ट आहे: टायर उतरवून, आतून तपासून, भोक भरणारी दांडी आणि आतून झाकणारा पॅच, दोन्ही हवेत. कारण स्ट्रिप भोक बुजवते, पण आतून सील करत नाही. आणि भोकातून ओल आत शिरली की पोलादी तारांना गंज लागतो. मे महिन्यात मारलेली स्ट्रिप पाऊस सुरू झाला की हळूच हवा सोडायला लागते, ती अशी.

आता प्रामाणिक मत सांगू? गावातल्या गावात, चाळीसच्या वेगात, दूध घालायला जायचं असेल तर स्ट्रिपवर वर्षभर चालवणारे लोक मी बघितलेत आणि मी त्यांच्याशी भांडायला जात नाही. पण तुम्ही आठवड्याला पुण्याला जाता, मागे आई-वडील बसलेत, सामान आहे, शंभरचा वेग आहे, तर मशरूम करून घ्या. फरक तीनशे रुपयांचा आहे. तेवढ्याची मिसळ खातो आपण, दोघं मिळून.

एकाच टायरला किती पंक्चर चालतात, असंही विचारलंय. ठरलेला आकडा असा एक नाही. नियम एवढाच की दोन दुरुस्त्या एकमेकींवर यायला नकोत. जुन्या पॅचच्या शेजारी नवीन भोक पडलं की विचार करा. माझा स्वतःचा हिशोब तीनचा आहे. तिसऱ्या पंक्चरला मी बाकीचा टायर बघतो, आणि बहुतेक वेळा तो तसाही संपत आलेला असतो.

बाकीचा टायर म्हणजे काय बघायचं? नक्षीच्या खोबणीत मधूनमधून रबराची छोटी उंच पट्टी असते. बाजूला लहान त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत शोधा. ती पट्टी १.६ मिलिमीटर उंच असते. नक्षी झिजून त्या पट्टीला मिळाली की टायर कायद्यानेही संपला. आपण ज्याला गोटा टायर म्हणतो, तो त्याच्याही पुढचा. पावसाळ्यात पोखरी घाटातून भीमाशंकरला जाताना किंवा माळशेजला धुक्यात ब्रेक मारताना खोबणीतून पाणी बाहेर जायला जागा लागते. गोट्याला ती नसते. अशा टायरला पंक्चर झालं तर पंक्चरला दोष देऊ नका, त्याने तुम्हाला थांबवलं. समृद्धी महामार्गावर अपघात वाढले तेव्हा आरटीओने टायर तपासायला सुरुवात केली, ती याचसाठी.

दुसरं, टायरचं वय. बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. समजा २३१९. याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बस, तीच जन्मतारीख. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घ्यायचा, आणि दहा वर्षांनंतर कितीही नक्षी असली तरी काढायचा, असं मोठ्या कंपन्या सांगतात. आपल्याकडे गाडी अंगणात उन्हातच उभी असते, त्यामुळे मी दहाची वाट बघणार नाही. सहा-सातला बाजूला बारीक भेगा दिसायला लागल्या की पुरे. त्या भेगांच्या टायरवर पाचशेचा मशरूम मारण्यात अर्थ नाही. नवीन टायर घेतानाही हे चार आकडे वाचा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर नव्याच्या भावात घ्यायचा नाही. आणि फुगा! खड्ड्यात जोरात आदळून बाजूला फुगवटा आला असेल तर आतले धागे तुटलेत. हवा जात नाही म्हणून लोक तसेच फिरतात. तो टायर पंक्चर झालेल्या टायरपेक्षा जास्त धोक्याचा. लगेच बदला.

बदलायचा ठरला, तर एक की दोन? समोरासमोरचे दोन टायर साधारण सारखे झिजलेले हवेत. बाकीचे नवीन असतील तर एक चालेल, त्याच मापाचा, शक्यतो त्याच कंपनीचा. अर्धे झिजले असतील तर जोडी घ्या. आणि नवीन जोडी मागे लावा. इथे सगळे भांडतात माझ्याशी. "अरे, इंजिन पुढे, ओढतात पुढची चाकं, नवीन पुढेच पाहिजेत." पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला कळतं, तुम्ही वेग कमी करता. मागची घसरली तर गाडीचं तोंडच फिरतं, आणि ते सांभाळायला बहुतेकांना जमत नाही. टायर कंपन्याही नवीन जोडी मागेच लावायला सांगतात.

इन्शुरन्सवाल्यांनी टायरचं बघून घेऊ असं सांगितलं असेल तर पॉलिसी उघडून वाचा. नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायर-ट्यूबचं नुकसान धरत नाहीत. त्याच वेळी गाडीलाही मार लागला असेल तरच, आणि तेही बदलण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. टायरचं वेगळं कव्हर मिळतं, पण साध्या पंक्चरचा खर्च त्यातही सहसा धरलेला नसतो.

जुन्या टायरबद्दल थोडक्यात. रिमोल्ड ट्रक आणि बसला चालतात, नीट प्रोसेसचे असतील तर. पिकअपवाल्या मित्रांनी विचारलंय की नारायणगाव मार्केटला टोमॅटोचे क्रेट नेतो, फाटलेल्या टायरला आतून गेटर टाकून ट्यूब भरली तर चालतं का? ट्रॅक्टर-ट्रॉलीला शेतात, वीसच्या वेगात, लोक चालवतात हे खरं. पण तीच युक्ती भरलेल्या पिकअपला, सकाळी मार्केट गाठायच्या घाईत, हायवेवर? तो गेटर आतून ट्यूबला घासत राहतो, तापतो, आणि फाटलेली जागा वजन पेलत नाही. एका खेपेचं भाडं वाचवायला जाल आणि क्रेटसकट रस्त्यावर याल.

आता जरा गमतीचं. आपण ज्याला स्टेपनी म्हणतो, तो शब्द आला कुठून? वेल्समध्ये लानेली नावाचं गाव आहे, तिथे स्टेपनी स्ट्रीट. १९०४ च्या सुमाराला तिथे टॉम डेव्हिस नावाच्या माणसाने जादा चाक विकायला सुरुवात केली. तोवर गाड्यांबरोबर जादा चाक यायचंच नाही. त्याचं चाक म्हणजे हवा भरलेल्या टायरची नुसती धाव, ती पंक्चर झालेल्या चाकाला बाजूने आवळायची. इंग्लंडमध्ये हा शब्द आता कुणी वापरत नाही, आपल्या गॅरेजमध्ये रोज वापरतात. ब्राझीलमध्येही म्हणे त्याला एस्तेपी म्हणतात.

पण ही स्टेपनीच आता गायब होतेय. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल, तर स्टेपनी दिली नाही तरी चालते. नवी गाडी घेताना डिकी उघडून बघा. किट असेल तर त्यात पांढरं सीलंट आणि छोटा कॉम्प्रेसर मिळतो. शहरात ठीक. नाणेघाटाच्या रस्त्याला बाजू फाटली तर ते सीलंट काय करणार? मी असतो तर पैसे जास्त देऊन स्टेपनी घेतली असती. आणि आहे त्या स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा बघा. सीलंट वापरलं असेल तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर टायर उतरवताना त्याच्या अंगावर सगळं येतं आणि मग तो जे बोलतो ते मी इथे सांगू शकत नाही.

फसवणुकीबद्दलही बऱ्याच जणांनी लिहिलंय. एक पंक्चर घेऊन गेलो आणि चार निघाली. असं होतं, हायवेला जास्त. टोकदार हत्याराने नवीन भोकं पाडणारे आहेत. पण म्हणून सगळ्यांना चोर ठरवू नका. पंक्चरवाला केरळचा असो, बिहारचा असो की आपल्याच गावचा, बहुतेक जण रात्री अकराला उठून तुमचं काम करतात. तुम्ही फक्त गाडीतून उतरा आणि शेजारी उभे राहा. साबणाचं पाणी तुमच्यासमोर मारायला सांगा. जिथे बुडबुडे तिथे भोक. प्रत्येक भोकात खिळा किंवा काटा होता का, ते विचारा. फोनवर बोलत लांब जाऊ नका.

हां, ओतूरच्या ताई. तुम्ही फोटो पाठवलाय, बघितला. स्ट्रिप नक्षीच्या शेवटच्या ठोकळ्याच्याही बाहेर आहे, म्हणजे खांद्यावर. तो टायर बदलायचा. तारीख २०१८ ची दिसतेय, म्हणजे तसाही त्याचा काळ झालाय. तुमची स्टेपनी चांगली असेल तर आज तीच लावून घ्या, सावकाश आळेफाट्याला जा, आणि स्ट्रिपवाला टायर परत स्टेपनी म्हणून ठेवू नका, दुकानातच सोडा. तुम्हाला गाडी घेऊन मुलांना शाळेत सोडायचं असतं, असं तुम्ही लिहिलंय. उद्या सकाळी रिक्षाने पाठवा. टायर बसला की मेसेज करा.

चला, पुढच्या शनिवारी भेटू. त्या भागात बॅटरी. थंडीत सकाळी गाडी सुरू होत नाही, त्यावर तुमचे प्रश्न पाठवा.